पिकविक गॅप: बार्बाडोसचे क्रिकेट आणि जमिनीचा प्रश्न

वेस्ट इंडीजचे फलंदाज एव्हर्टन वीक्स यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९२५ रोजी बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाउनच्या वेस्टबरी भागात, पिकविक गॅप नावाच्या गल्लीतल्या एका लाकडी खोपटात झाला. हाकेच्या अंतरावर केन्सिंग्टन ओव्हल हे मैदान होते आणि त्या मैदानाचा मालक म्हणून जो क्लब मिरवत असे त्याचेही नाव पिकविकच होते. पण गल्लीतल्या मुलांना त्या क्लबाचे सभासद होण्याची सोय नव्हती, कारण तो गोऱ्यांचा क्लब होता. वीक्स मैदान सांभाळणाऱ्या कामगारांना मदत करायचे, कधी बदली क्षेत्ररक्षक म्हणून उभे राहायचे आणि त्या बदल्यात त्यांना सामने फुकट पाहायला मिळायचे. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे दहा वर्षांच्या आत हाच मुलगा मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर १९४ धावा काढत होता आणि मार्च १९४८ ते जानेवारी १९४९ या काळात सलग पाच कसोटी डावांत पाच शतके ठोकण्याचा पराक्रम करत होता. सहाव्या डावात मद्रासला तो ९० वर धावबाद झाला नसता तर काय झाले असते, याची हळहळ जुन्या क्रिकेटरसिकांनी पुढे अनेक वर्षे बोलून दाखवली.

बार्बाडोसच्या क्रिकेटबद्दल लिहिताना बहुतेक जण एका चमत्काराने सुरुवात करतात: जेमतेम ४३० चौरस किलोमीटरचे बेट, तीन लाखांहून कमी लोकवस्ती, आणि तरीही वॉरेल, वीक्स, वॉलकॉट, सोबर्स, हॉल, ग्रीनिज, हेन्स, गार्नर, मार्शल. मला ही चमत्काराची भाषा पटत नाही. या बेटावर क्रिकेट एवढे का रुजले हे समजून घ्यायचे असेल तर आधी तिथली जमीन कोणाची होती हे पाहावे लागते, कारण सामान्य काळ्या माणसाला मैदानावर जागा मिळाली ती घराखालची जागा मिळण्याच्या कितीतरी आधी.

इंग्रज वसाहतवाले १६२७ मध्ये आजच्या होलटाउनजवळ उतरले. सुरुवातीला तंबाखू आणि कापूस पिकवून पाहिले, त्यात जीव नव्हता. १६४० च्या दशकात ऊस आला आणि एका पिढीच्या आत बेटाचा चेहरामोहरा बदलला. जंगल तोडून सपाट केले गेले, लहान शेतकरी देशोधडीला लागले आणि आफ्रिकेतून जहाजे भरभरून माणसे आणली गेली. १६६१ मध्ये बार्बाडोसच्या विधिमंडळाने गुलामांविषयी जो कायदा केला तो पुढे जमैका आणि साउथ कॅरोलायना या वसाहतींनी नमुना म्हणून उचलला. हे विधिमंडळ १६३९ पासून चालत आलेले आहे आणि त्याचा अभिमान बेटावर आजही सांगितला जातो. त्या अभिमानाच्या बाजूला हा १६६१ चा कायदाही ठेवून पाहावा, असे मला वाटते. कॉड्रिंग्टन या मळेमालकाच्या मळ्यांची मालकी धर्मप्रसार करणाऱ्या एका अँग्लिकन संस्थेकडे गेली तेव्हा तिथल्या गुलामांच्या छातीवर ‘सोसायटी’ हा शब्द तापलेल्या लोखंडाने डागला जात असे.

१४ एप्रिल १८१६ रोजी, ईस्टरच्या रविवारी, बुसा नावाच्या आफ्रिकेत जन्मलेल्या गुलामाच्या पुढाकाराने उठाव झाला. उसाचे मळे पेटले, पण काही दिवसांतच सैन्याने उठाव चिरडला. १८३४ मध्ये कायद्याने गुलामगिरी संपली तेव्हा बेटावर सुमारे ८३,००० माणसे गुलाम होती. ब्रिटिश संसदेने सगळ्या वसाहतींतल्या मालकांना मिळून २ कोटी पौंडांची भरपाई दिली. मुक्त झालेल्यांना काहीही दिले नाही, उलट ‘उमेदवारी’च्या, म्हणजे शिकाऊपणाच्या, नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवर बिनपगारी राबवून घेतले.

त्यानंतरचा पेच बार्बाडोसचा स्वतःचा आहे. जमैकात किंवा गयानात मुक्त माणूस डोंगरात, आतल्या भागात जाऊन मोकळ्या जमिनीवर वस्ती करू शकत होता. बार्बाडोसमध्ये मोकळी जमीनच शिल्लक नव्हती, सगळी मळ्यांखाली गेलेली होती. मळेवाल्याने आपल्या हद्दीतला खडकाळ, नापीक तुकडा मजुरांना राहायला द्यायचा आणि त्या बदल्यात त्यांनी ठरलेल्या मजुरीवर त्याच्याकडेच काम करायचे, अशी पद्धत पडली. काम सोडले की जागाही सोडावी लागे. यातून जे घर तयार झाले त्याला तिथे ‘चॅटेल हाउस’ म्हणतात: दोन लहान खोल्यांचे लाकडी घर, उतरते छप्पर, मधोमध दार आणि दोन्ही बाजूंना एकेक खिडकी. या घराला पाया नसतो. प्रवाळी दगडांचे सुटे तुकडे एकमेकांवर रचून त्यावर ते ठेवलेले असते, आणि फळ्या अशा रीतीने जोडलेल्या असतात की मालकाने हाकलले तर घर उलगडून, गाडीवर लादून दुसरीकडे उभारता यावे. पर्यटकांच्या पोस्टकार्डांवर ही घरे आज गुलाबी आणि निळ्या रंगात झळकतात. ती मुळात हकालपट्टीच्या तयारीत बांधलेली आहेत हे त्या चित्रांत दिसत नाही.

या कोंडीतून बाहेर पडण्याची पहिली मोठी वाट पनामाने दिली. १९०५ नंतरच्या काही वर्षांत कालव्याच्या कामासाठी सुमारे वीस हजार बार्बाडियन करार करून गेले, आणि करार न करता गेलेले वेगळेच. तिथे गोऱ्यांना सोन्यात आणि काळ्यांना चांदीत पगार मिळे, मलेरियाने आणि सुरुंगांनी माणसे मरत. पण जे पैसे घरी आले त्यांतून डबघाईला आलेल्या काही मळ्यांचे तुकडे पाडून विकत घेतले गेले. तरीही बहुसंख्य लोक भाड्याच्या जागेवरच राहिले.

आता क्रिकेटकडे वळू. बेटावरची क्लबांची उतरंड पाहिली तर समाजाची उतरंड वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १८७७ चा वाँडरर्स हा मळेवाल्यांचा आणि बड्या व्यापाऱ्यांचा क्लब. १८८२ चा पिकविक हा त्याखालच्या गोऱ्यांचा, म्हणजे कारकुनांचा आणि मळ्यांवरच्या व्यवस्थापकांचा. १८९३ चा स्पार्टन हा वकील, डॉक्टर, मुख्याध्यापक अशा सुशिक्षित मिश्रवंशीय आणि काळ्या मंडळींचा. आणि त्या स्पार्टननेही हर्मन ग्रिफिथ नावाच्या एका काळ्या वेगवान गोलंदाजाला, तो आपल्या पायरीचा नाही म्हणून, नाकारले. तेव्हा १९१४ मध्ये एम्पायर हा चौथा क्लब निघाला. मराठी वाचकाला इथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू यांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. हे ग्रिफिथ आरोग्य खात्यात स्वच्छता निरीक्षक होते. १९३१ मध्ये सिडनीच्या कसोटीत त्यांनी डोनाल्ड ब्रॅडमनचा शून्यावर त्रिफळा उडवला आणि वेस्ट इंडीजने ऑस्ट्रेलियाविरुद्धचा आपला पहिला विजय मिळवला. ब्रॅडमन कसोटीत शून्यावर बाद होण्याची ती पहिलीच वेळ होती.

या चारही क्लबांच्या खाली उरले ते मळ्यांवरचे मजूर, गोदीवरचे हमाल, गल्लीतली पोरे. त्यांच्यासाठी १९३० च्या दशकात मिची ह्युइट यांनी बार्बाडोस क्रिकेट लीग उभी केली. गावोगावच्या उसाच्या शेतांमधल्या उखडलेल्या कुरणांवर तिचे सामने होत, आणि अधिकृत संघटनेच्या संघाशी तिच्या संघाचा वर्षातून एक सामना होई, त्यात गुणी खेळाडू नजरेत भरत. वीक्स याच लीगमधून वर आले. लष्करी नोकरीमुळे त्यांना गॅरिसनच्या क्लबाकडून वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळायला मिळाले. क्लबांच्या रांगेत न उभे राहता आत शिरण्याची ती एक खिडकीच म्हणायची. गॅरी सोबर्स यांनाही अशीच खिडकी सापडली: बे लँडमधल्या या मुलाला, ज्याचे वडील १९४२ मध्ये व्यापारी जहाजावर असताना जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले होते, पोलीस दलाच्या संघातून खेळता यावे म्हणून पोलीस बँडमध्ये बिगूल वाजवणारा म्हणून घेतले गेले.

ही लीग सुरू झाली तो काळ तापलेला होता, हा योगायोग नव्हे. उसाचे भाव कोसळले होते, मजुरी शंभर वर्षांपूर्वीच्याच पातळीवर रेंगाळत होती, आणि मताचा अधिकार मालमत्तेवर बेतलेला असल्यामुळे बहुसंख्यांना मतच नव्हते. क्लेमेंट पेन हा त्रिनिदादमध्ये जन्मलेला तरुण कार्यकर्ता ब्रिजटाउनच्या चौकांत कामगारांच्या सभा घेत असे. जुलै १९३७ मध्ये सरकारने त्याला हद्दपार केले आणि शहर पेटले. पोलिसांच्या गोळीबारात १४ जण मेले. पेनची बाजू न्यायालयात मांडणारे वकील ग्रँटली ॲडम्स पुढे मजूर पक्षाचे आणि देशाच्या राजकारणाचे म्होरके झाले. प्रौढ मताधिकारावरची पहिली निवडणूक व्हायला मात्र १९५१ साल उजाडावे लागले. म्हणजे वीक्स, वॉरेल आणि वॉलकॉट हे त्रिकूट जगभर गाजू लागले तेव्हा त्यांच्या गल्लीतल्या बहुतेक लोकांनी आयुष्यात एकदाही मतदान केलेले नव्हते.

या तिघांचा जन्म केन्सिंग्टन ओव्हलपासून मैल-दीड मैलाच्या आत आणि अठरा महिन्यांच्या अवधीत झाला. तिघांची सुईणही एकच होती असे सांगतात. तिघांना एका दमात ‘थ्री डब्ल्यूज’ म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे, पण त्यांच्या वाटा सारख्या नव्हत्या. वॉलकॉट हॅरिसन कॉलेज या प्रतिष्ठित शाळेचे, वॉरेल कॉम्बरमियरचे, आणि वीक्स कुठलेच नाहीत. खेळाडू म्हणून कोण मोठा, हा वाद मी घालणार नाही. पण तिघांपैकी कोणाच्या धावांमागे सर्वांत लांबचा पल्ला होता असे विचारले तर माझे उत्तर वीक्स हेच असेल. वॉलकॉट १९५४ मध्ये ब्रिटिश गयानात गेले आणि तिथल्या साखर उत्पादकांच्या संघटनेसाठी मळ्यामळ्यांवर क्रिकेट संघटित करू लागले. रोहन कन्हाय, बेसिल बुचर, जो सॉलोमन हे त्याच मळ्यांच्या परिसरातून पुढे आलेले. नंतर वॉलकॉट आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्षही झाले.

कॉम्बरमियर शाळेबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत. १६९५ मध्ये स्थापन झालेल्या या शाळेत वॉरेल शिकले, वेस हॉल शिकले, आणि कादंबरीकार जॉर्ज लॅमिंगही शिष्यवृत्तीवर तिथेच शिकले. तिथले शिक्षक फ्रँक कॉलिमोर १९४२ पासून ‘बिम’ हे नियतकालिक चालवत, आणि इंग्रजी कॅरिबियन साहित्यातल्या कितीतरी लेखकांचे पहिले लेखन त्यात छापून आले. लॅमिंग यांनी १९५३ च्या आपल्या पहिल्या कादंबरीत १९३७ चा दंगा एका खेड्यातल्या मुलाच्या नजरेतून मांडला, आणि कादंबरीचा शेवट येतो तो त्या खेड्याखालची जमीन विकली जाऊन लोकांची घरे हलवली जातात तिथे. चॅटेल हाउस पाहिलेल्या माणसाला हे प्रतीक शोधावे लागलेले नाही, ते त्याच्या अंगणातच होते. याच शाळेत, पुष्कळ वर्षांनी, वेस्टबरी भागातच वाढलेली एक मुलगी शिकली. तिचे नाव रिहाना. वीक्स यांचे खोपटे आणि रिहानाचे घर एकाच वस्तीत, एकाच मैदानाच्या सावलीत असावे, हे मला फार बोलके वाटते.

कवी कामाऊ ब्रॅथवेट यांचे एक निरीक्षण क्रिकेटरसिकांनी मुद्दाम वाचावे असे आहे. बार्बाडोसच्या शाळांत मुलांना इंग्लंडमधल्या बर्फावर निबंध लिहिता येत, पण दरवर्षी अंगावर येणाऱ्या चक्रीवादळासाठी त्यांच्याजवळ काव्यवृत्त नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. वेस्ट इंडीजच्या बोलीला काव्यात आणण्याचे बळ ज्या आवाजांनी दिले त्यांत त्यांनी बीबीसीचे समालोचक जॉन आर्लट यांचाही उल्लेख केला आहे. ज्या काळात बीबीसी म्हणजे साहेबाचा आवाज असे समीकरण होते त्या काळात आर्लट आपल्या हॅम्पशरच्या ग्रामीण हेलात, चित्रे उभी करत बोलत. मग आपण आपल्या हेलात का बोलू नये, असे त्या मुलांना रेडिओजवळ बसून वाटले असणार. क्रिकेटने बार्बाडोसला खेळाडू दिले हे सगळेच सांगतात, पण एका कवीला त्याचा सूर शोधायलाही त्याने हातभार लावला.

मैदानावरची शेवटची उतरंड होती कर्णधारपदाची. जॉर्ज हेडली यांनी १९४८ मध्ये ब्रिजटाउनला एका कसोटीपुरते नेतृत्व केले होते, पण पूर्ण मालिकेसाठी काळा कर्णधार नेमायला १९६० उजाडले. लेखक सी. एल. आर. जेम्स यांनी त्रिनिदादच्या वृत्तपत्रातून मोहीम चालवली आणि वॉरेल कर्णधार झाले. ऑस्ट्रेलियाच्या त्या दौऱ्यात ब्रिस्बेनची कसोटी बरोबरीत सुटली, तशी ती इतिहासात पहिल्यांदाच सुटली होती. वॉरेल यांना आपल्याकडे मात्र दुसऱ्या कारणासाठी आठवतात. मार्च १९६२ मध्ये केन्सिंग्टन ओव्हलवर बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला, कवटीला इजा झाली आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त देणाऱ्यांत पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी, चंदू बोर्डे यांच्यासोबत वेस्ट इंडीजचे कर्णधार वॉरेलही होते. त्यांच्या नावाने बंगालच्या क्रिकेट संघटनेकडून ३ फेब्रुवारीला रक्तदान शिबिर भरत आले आहे. १९६७ मध्ये, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने ते गेले.

वेस्ट इंडीजचा राजकीय संघ १९५८ मध्ये स्थापन झाला, ॲडम्स त्याचे पंतप्रधान झाले आणि १९६२ मध्ये तो मोडलाही. क्रिकेटचा संघ टिकला. सरकारप्रमुख एरल बॅरो यांनी माध्यमिक शिक्षण मोफत केले आणि ३० नोव्हेंबर १९६६ रोजी बार्बाडोस स्वतंत्र झाला. त्याच वर्षी सोबर्स यांनी इंग्लंडमध्ये पाच कसोटींत ७२२ धावा आणि २० बळी अशी कामगिरी केली होती, त्यामुळे बेटाचा आत्मविश्वास इतका वाढला की स्वातंत्र्याच्या आनंदात १९६७ मध्ये बार्बाडोसने थेट शेष विश्व संघाला सामन्याचे आव्हान दिले. सामना सपाटून हरले. पण जेमतेम अडीच लाख लोकांच्या देशाने असे आव्हान देणे, यातली मिजास मला मनापासून आवडते.

या मिजाशीची दुसरी बाजू १९९२ मध्ये दिसली. वर्णभेदामुळे दोन दशके बाहेर राहिलेला दक्षिण आफ्रिकेचा संघ पहिली पुनरागमनाची कसोटी खेळायला ब्रिजटाउनला आला, आणि स्टँड जवळजवळ रिकामे होते. कारण दक्षिण आफ्रिका नव्हते. स्थानिक वेगवान गोलंदाज अँडरसन कमिन्सला संघातून वगळले म्हणून बार्बाडोसने बहिष्कार घातला होता. शेवटच्या दिवशी २०१ धावांचा पाठलाग करणारा दक्षिण आफ्रिकेचा संघ २ बाद १२२ वरून १४८ मध्ये गुंडाळला गेला आणि अँब्रोज व वॉल्श यांचा तो मारा पाहायला मूठभर लोक होते. हा बहिष्कार हटवादी होता, असेच माझे मत आहे. पण मैदान आपले आहे ही भावना किती खोलवर गेली होती हेही त्यातून कळते.

जमिनीचे काय झाले? १९८० च्या कायद्याने मळ्यांच्या जागेवर राहणाऱ्या भाडेकरूंना आपल्या घराखालची जागा चौरस फुटाला १० सेंट दराने विकत घेण्याचा हक्क मिळाला, म्हणजे मुक्तीनंतर जवळजवळ दीड शतकाने. ब्रिजटाउनच्या मध्यवर्ती चौकातला ब्रिटिश आरमारी सेनानी नेल्सनचा पुतळा २०२० मध्ये हलवला गेला, ३० नोव्हेंबर २०२१ रोजी देश प्रजासत्ताक झाला, आणि त्या रात्रीच्या समारंभात रिहानाला राष्ट्रवीर हा किताब दिला गेला. बुसा, पेन, ॲडम्स, बॅरो आणि सोबर्स यांची नावे त्या यादीत आधीपासून होती. तरीही ड्रॅक्स हॉल हा सतराव्या शतकातला मळा त्याच ड्रॅक्स घराण्याकडे चालत आला होता. २०२४ मध्ये सरकारने घरबांधणीसाठी त्यातली काही जमीन बाजारभावाने विकत घ्यायचे ठरवले, तेव्हा ज्यांच्या पूर्वजांनी ती फुकट कसली त्यांच्याच करातून पुन्हा त्याच घराण्याला पैसे का, असा प्रश्न लोकांनी विचारला आणि पंतप्रधान मिया मॉटली यांना तो व्यवहार थांबवावा लागला.

केन्सिंग्टन ओव्हल आपल्या आठवणीत दोन टोकांना आहे: १९९७ मध्ये सचिनच्या नेतृत्वाखाली १२० धावांचा पाठलाग करताना ८१ मध्ये कोसळलेला डाव, आणि २९ जून २०२४ चा विश्वचषक. पण बार्बाडोसच्या दृष्टीने मला त्याहून लक्षणीय वाटणारा सामना बर्मिंगहॅमला झाला. स्वतंत्र होऊनही क्रिकेटमध्ये हा देश वेस्ट इंडीजच्या नावानेच खेळत आला आहे. १९९८ च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुषांचा संघ स्वतःच्या ध्वजाखाली उतरला तो अपवाद. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ती संधी महिलांना मिळाली. हेली मॅथ्यूजच्या संघाने पहिल्या सामन्यात पाकिस्तानला १५ धावांनी हरवले, आणि भारताविरुद्ध मात्र जेमिमा रॉड्रिग्जचे अर्धशतक आणि रेणुका सिंगचे ४ बळी यांच्यापुढे १०० धावांनी पराभव झाला. धावफलकावर वेस्ट इंडीजच्या जागी बार्बाडोस असे लिहिलेले होते.